जास्वंदबंदी

तिरमाळ तालुक्यात जास्वंद लावणं हा गुन्हा ठरला, त्या वर्षी लोकांनी गणपतीला लाल कागदाची फुलं वाहिली. देवानं काही तक्रार केली नाही. तक्रार केली ती चौदा कासवांनी, आणि तीही त्यांच्या रीतीनं, म्हणजे जेवण सोडून.

ही कासवं डॉ. भूपाल मगदुमांची. कागदोपत्री ती सरकारची, पण कागदाला कोण चारा घालतो? पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली ही जात. चोरटे लोक ती पोत्यात भरून परदेशी विकायला नेत, आणि एखाद्या नाक्यावर पकडले जात. मग यांचं करायचं काय, असा प्रश्न वनखात्याला पडे. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मगदूम डॉक्टरांनी रीतसर परवाना काढून आपल्या आवारात त्यांची सोय केली होती. गाव त्यांना अण्णा म्हणे. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं माणसांशी कमी आणि कासवांशी जास्त होई, आणि कासवं ऐकून घेतात असा त्यांचा ठाम समज होता.

त्यांच्या आवारात जास्वंदीची सात-आठ झाडं होती, खाली घोळ पसरलेली आणि कुंपणाच्या कडेनं पाथरी. तुम्हाआम्हाला हे तण. चांदणी कासवाला मात्र हेच पंचपक्वान्न. आणि सरकारनं बंदी घातली ती नेमकी या तिघांवर.

बंदीला कारण होतं, हे आधी सांगायला हवं, नाहीतर सरकारला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ. तिरमाळ हा द्राक्षांचा तालुका. तीन हंगामांपूर्वी इथल्या बागांत एक नवा रोग शिरला. वेलीच्या खोडातून मुळांचं पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत एक जिवाणू वस्ती करतो आणि नळ्या बुजवून टाकतो. मुळाशी पाणी भरपूर, आणि वेल तहानेनं मरते. लोकांनी त्याला 'कोरडा' हे नाव दिलं. हा जिवाणू एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेतात तुडतुडे. औषध मारून बागेतले तुडतुडे मरत, पण पंधरा दिवसांत पुन्हा हजर. कारण जिवाणूचं माहेर दुसरीकडेच होतं. जास्वंद, घोळ आणि पाथरी यांच्या अंगात तो सुखानं राही. या झाडांना त्याचा काही त्रास नव्हता, त्यामुळे बघणाऱ्याला ती हिरवीगार दिसत. तिथला रस पिऊन तुडतुडे बागेत यायचे. तेव्हा ही तीन झाडं तालुक्यातून समूळ काढायची, बाहेरून आणायचीही नाहीत, असं ठरलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

हे ठरवणाऱ्या पीक-संरक्षण कक्षात अण्णांची एकुलती एक मुलगी त्रिशला नोकरीला होती. वनस्पतीशास्त्र शिकलेली, कामाला चोख. आणि तिचं लग्न झालं होतं अभिनंदन आवटीशी, ज्याची निम्मी द्राक्षबाग कोरड्यानं खाल्ली होती. एकीकडे बाप, एकीकडे नवरा, आणि मधे सरकारी शिक्का.

नोटीस द्यायला ती स्वतःच गेली. अण्णांनी चष्मा लावून ती सगळी वाचली.

"बरोबर लिहिलंय की," ते म्हणाले. "फक्त माझ्या कासवांनी काय खायचं, तेवढं लिहायचं राहिलं."

"अण्णा, गोळीखाद्य मिळतं. कक्ष पुरवणार आहे."

"अक्का, तुला लहानपणी नुसत्या बिस्किटांवर वाढवली असती तर?" ते तिला अक्काच म्हणत. "यांना वाळकं, प्रथिनांचं खाणं दिलं की मूत्रपिंडात खडे होतात. पाठ वेडीवाकडी वाढते. हरळी घालीन म्हटलं, तर सगळ्या तालुक्याची हरळी फवारलेली. एक घास आणि खेळ खलास."

"मग त्यांना दुसरीकडे पाठवू. बाहेरच्या जिल्ह्यात केंद्र आहे. मी सगळी व्यवस्था करते."

"म्हातारी आहेत गं. प्रवासात निम्मी जातील." त्यांनी नोटिशीची घडी घातली. "आणि मी इथं बसून काय करू?"

हा खरा मुद्दा होता. त्रिशलाला तो कळला, आणि कळला म्हणूनच तिनं पाठवणीची गोष्ट पुन्हा काढली नाही.

झाडं निघाली. तोडपथकाचा मुकादम सर्जेराव जास्वंदीला हात लावण्याआधी अण्णांच्या पाया पडला. त्याच्या म्हशीचं अडलेलं बाळंतपण अण्णांनी केलं होतं. "डॉक्टर, पोटासाठी करतूय," एवढंच तो म्हणाला आणि कामाला लागला.

गोळीखाद्यावर कासवांनी आधी उपास केला, मग नाइलाजानं ते खाल्लं. श्रावण संपेपर्यंत दोन मेली. अण्णांनी ती स्वतः फाडून पाहिली आणि मूत्रपिंडातले खडे एका बशीत घालून त्रिशलापुढं ठेवले. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी तिनं ही गोष्ट काढली, तेव्हा अभिनंदन जेवत होता. तो भला माणूस होता, पण बाग वाळताना बघून त्याच्यातला ओलावाही कमी झाला होता.

"मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "खरंच वाटतं. पण आपली वेल मरते तेव्हा ती बशीत घालून मी कुणाच्या पुढं ठेवायची? त्यांना सांग, एका झाडापायी सगळा तालुका जाईल."

"ते काही झाडं लावणार नाहीत."

"लावतील. तुझे अण्णा आहेत ते."

आणि त्यानं म्हटलं तेच झालं. आश्विनात त्रिशला माहेरी गेली, तेव्हा जुन्या दवाखान्याच्या खोलीतून बारीक जांभळा उजेड येत होता. जिथं पूर्वी कुत्र्यामांजरांची ऑपरेशनं होत, तिथं कुंड्या मांडलेल्या. वर झाडं वाढवायचे दिवे. जास्वंदीला कळ्या आल्या होत्या, शेजारी घोळ आणि पाथरी. खाली बारा कासवं चरत होती, आणि अण्णा स्टुलावर बसून नातवंडांच्या पंगतीत बसल्यासारखे खूश दिसत होते. फांद्या कुठून आणल्या, हे तिनं विचारलं नाही.

"अण्णा, नाक बसवणार आहेत," ती एकदम म्हणाली. "आपल्या गल्लीत. पुढच्या आठवड्यात."

नाक म्हणजे काय, हे तोवर सगळ्या तालुक्याला माहीत झालं होतं. रस्त्याच्या खांबावर बसवलेली राखाडी पेटी. प्रत्येक झाड आपल्या पानांतून काही वायू हवेत सोडत असतं, आणि प्रत्येक जातीचं हे मिश्रण वेगळं. माणसाला जास्वंदीचा वास येत नाही, पण पतंगाला येतो. पतंगाची मादी मिट्ट अंधारात कोसभर उडत जाऊन अंडी घालायला नेमकं हवं तेच झाड शोधते, ते तिच्या मिशांवरच्या प्रथिनांच्या जोरावर. ही प्रथिनं प्रयोगशाळेत तयार करून एका चकतीवर बसवली होती. ओळखीचा वायू येऊन चिकटला की चकतीतला विजेचा प्रवाह किंचित बदले. तीन-चार खांबांवरचे आकडे आणि वाऱ्याची दिशा जुळवली की झाड कुणाच्या परसात आहे ते घरासकट कळे, आणि पथकाच्या फोनवर घंटा वाजे. कुणी माळ्यावर जास्वंद लपवली, कुणी न्हाणीत. सगळी सापडली.

"मग काय करायचं म्हणतेस?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच विनवणी होती, आणि ती तिला सहन झाली नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. बाप गुन्हेगार ठरणार, कासवं उपाशी मरणार, आणि तक्रारीवर सही तिची असणार. तेव्हा तिनं कार्यालयातली एक गोष्ट घरात आणून सांगितली, जी सांगायची नव्हती.

"धुरानं नाक बधिर होतं. धुपाचा धूर असला तर फारच. चकतीवर त्याचा थर बसतो आणि बराच वेळ काही कळत नाही. ज्या घरात रोज धूप घालतात, तिथलं आम्हाला नीट दिसत नाही. पण देवाधर्माचं म्हणून त्यात कुणी पडत नाही."

अण्णांचा चेहरा उजळला. "एवढंच होय? आपल्याकडं तुझी आई घालायचीच की रोज. धुपाटणं अजून आहे."

"अंगणात घाला, खांबाच्या बाजूला," ती म्हणाली. तिला आपल्या शहाणपणाचं तेव्हा बरंच समाधान वाटलं होतं. कुंपणानं शेत खाल्लं होतं, पण बापासाठी खाल्लं होतं.

महिना सुरळीत गेला. अण्णांच्या गल्लीतलं नाक गप्प होतं. शेजारच्या मालनकाकू म्हणू लागल्या, "अण्णा म्हातारपणी देवभोळं झालं बघ. रोज निस्ता धूरच धूर." मग थंडी पडली. तिरमाळची थंडी तशी नावालाच, पण त्या साली ती कडाक्याची पडली. चांदणी कासव गारठलं की खात नाही, आणि खाल्लेलं पचवत नाही. अण्णांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली गोणपाट कोंबलं. आतली ऊब बाहेर जाऊ नये आणि जास्वंदीचा वासही जाऊ नये, अशी दुहेरी सोय. धुपाटण्यातले निखारे अंगणात फुकट का घालवायचे म्हणून त्यांनी ते आत नेले. निखारे पुरेनात, म्हणून लोणारी कोळशाची शेगडी पेटवून तिच्यावरच धूप टाकू लागले. एका दगडात तीन पक्षी: कासवांना ऊब, वास आतल्या आत, आणि फटीतून निसटेल त्या हवेत नाकासाठी धूर.

त्रिशला आली, तेव्हा त्यांनी हे सगळं कौतुकानं दाखवलं. खोलीत ऊब होती, धुपाचा वास होता. तिचे डोळे थोडे चुरचुरले. अण्णा स्टुलावर बसले, मग उठताना भिंतीला हात लावून उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही गं. डोकं धरतंय दोन-चार दिवस. वय झालं."

"धुरानं असेल. एवढा वेळ आत बसत जाऊ नका."

अण्णा हसले. चाळीस वर्षं मुक्या जनावरांवर उपचार केलेला माणूस तो. रोगी बोलत नाही, तेव्हा त्याच्याकडं बघायला शिकावं लागतं, हे ते प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगत. गोठ्यात शिरले की आधी गाय बघत, मग मालकाचं ऐकत. "हवा वाईट असती तर हे आधी लोळले असते," ते कासवांकडं बोट करून म्हणाले. "जनावराला माणसाच्या आधी कळतं. बघ की, कशी खातायत. डोळे बघ. पाय बघ. एकदम ठणठणीत."

त्रिशलानं बघितलं. कासवं खरोखरच मजेत होती. एकानं मान उंच करून जास्वंदीचं फूल ओढलं आणि ते तोंडात घेऊन चालू लागलं. बापलेक दोघंही हसले. निघताना ती त्यांना म्हणाली, की रक्तदाब तपासून घ्या. धूर किती हवा, नाकाला किती वेळ पुरतो, हेही तिनं सांगितलं. त्या खोलीतल्या हवेबद्दल तिला फक्त एवढंच माहीत करून घ्यायचं होतं, की ती बाहेर जाते की नाही.

रविवारी सकाळी मालनकाकूंचा फोन आला. "अगं अक्का, अण्णांनी अजून दार उघडलं न्हाई. दूधवाला हाका मारून गेला. तू ये बाई."

अभिनंदननं गाडी काढली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं, पण दवाखान्याच्या खोलीचं दार आतून बंद. अभिनंदननं खांद्यानं धक्के देऊन ते उघडलं. गोणपाट बाजूला सरकलं आणि कोंडलेली ऊब अंगावर आली. शेगडीत राख होती. अण्णा स्टुलाशेजारी जमिनीवर, एका कुशीवर, झोपल्यासारखे. गालांवर लाली होती. इतकी की त्रिशलाला क्षणभर वाटलं, ते जिवंत आहेत. तिनं हात धरला तेव्हा तो थंडगार होता.

त्यांच्या अवतीभोवती बाराही कासवं फिरत होती. एक त्यांच्या सदऱ्यावर पडलेली पाकळी खात होतं.

कोंडलेल्या खोलीत कोळसा जळाला की त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि मग जो वायू तयार होतो त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. डोकं धरतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. कासवाचं तसं नाही. त्याचं रक्त गार, हृदय सावकाश, श्वास मोजका. माणसाला लागतो त्याच्या चिमूटभर प्राणवायूवर ते रात्र काढतं. ज्या जनावराकडं बघून अण्णांनी हवा पारखली, त्या जनावराला हवा फारशी लागतच नव्हती. आणि खांबावरचं ते नाक, ज्याला तालुक्यातली पाथरीची काडीन् काडी कळत होती, त्याला हा वायू कुणी शिकवलाच नव्हता.

मालनकाकू दारात उभ्या राहून रडत म्हणाल्या, "कासवं तरी वाचली बाई." त्रिशला मोठ्यानं ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. तिला त्या क्षणी ती बाराही कासवं उचलून भिंतीवर आपटावीशी वाटली होती, आणि हे तिनं पुढं अभिनंदनजवळ कबूल केलं.

दार उघडं राहिलं होतं. धूर निघून गेला, आणि झाडांची हवा गल्लीत पसरली. रुग्णवाहिकेच्या आधी तोडपथकाची गाडी आली. सर्जेराव आत डोकावला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"मॅडम, आज ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला. "घंटा चुकून वाजली म्हणून लिवतो. डॉक्टरांचं घर हाय."

"आधी विचारलं असतं तर तेव्हाही लिहिलं असतंत?" तिनं विचारलं.

"तुमी इचारलं कुठं, मॅडम?"

अभिनंदन खोलीच्या कोपऱ्यात जास्वंदीच्या कुंडीपुढं उकिडवा बसला होता. तो पान उलटं करून बघत होता, मग दुसरं, मग तिसरं. बागाईतदाराची सवय. "तुडतुडा नाही," तो म्हणाला. "एकपण नाही." आणि मग सर्जेरावाला, "तुमची ती कोरडा तपासायची पट्टी आहे का? लावा बघू."

सर्जेरावानं देठ चिरून रस पट्टीवर टिपला. पट्टी पांढरीच राहिली. त्यानं घोळ तपासली, पाथरी तपासली. सगळी स्वच्छ. फांदी आणली तेव्हा ती निरोगी असावी, आणि त्यानंतर या बंद खोलीत तुडतुड्याला शिरायला जागाच नव्हती. नळ्या बुजायला जिवाणू हवा, जिवाणूला तुडतुडा हवा, तुडतुड्याला फट हवी. पदवीला पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट. बारीक जाळी लावलेली, उघड्या हवेची, परवान्याची खोली चालली असती. कुणाच्या बागेला काही झालं नसतं. हे तिला नोटीस देतानाच सुचायला हवं होतं. पण तिचं सगळं डोकं झाडं कशी सापडतील, आणि मग ती कशी सापडणार नाहीत, यातच खर्ची पडलं होतं.

"लिहा," ती सर्जेरावाला म्हणाली. "झाडं सापडली म्हणून लिहा. तपासली, निर्दोष निघाली, तेही लिहा. आणि धुराची युक्ती कक्षातल्या अधिकाऱ्यानं सांगितली होती, माझं नाव घालून."

सर्जेरावानं अभिनंदनकडं पाहिलं. अभिनंदननं मान खाली घातली होती. त्यानं ती वर न करताच म्हटलं, "ती म्हणते तसं लिहा."

तिच्यावर चौकशी बसली, पगारवाढ अडली, नोकरी मात्र टिकली. तालुक्यात तिच्याइतकं त्या नाकाचं कुणाला कळत नव्हतं. कासवांसाठी अभिनंदननं वाळलेल्या बागेच्या जागी जाळीघर उभं केलं आणि खास परवाना येईपर्यंत बाहेरच्या केंद्रात पाठवलेली कासवं परत आणली. प्रवासात तीन गेली. उरलेल्यांना चारा तोच घाले. त्रिशला जाळीच्या आत जात नसे.

उन्हाळ्यात नवा नियम निघायचा ठरला. बंदिस्त जागेत, जाळीआड, जास्वंद आणि चाऱ्याची झाडं लावायला परवानगी. मसुदा तिलाच करायला सांगितला. वरिष्ठ साहेब तिच्यासमोर बसून एकेक कलम वाचत होते. जाळीची वीण, तपासणी, दंड, सगळ्याला ते मान डोलवत होते. शेवटच्या ओळीवर मात्र त्यांची पेन्सिल थांबली.

"हे काय? 'या खोलीत शेगडी किंवा धुपाटणं पेटवू नये.'"

"राहू द्या, साहेब."

"अहो, आपण पीक-संरक्षणवाले. याचा झाडांशी काय संबंध? आणि बंद खोलीत शेगडी पेटवायला माणूस काय अडाणी आहे?"

"अडाणी नव्हते, साहेब," त्रिशला म्हणाली. "डॉक्टर होते."